वगळलेल्याची सही आधी

आमच्या प्रकाशकाला माणसं पानांत मोजायची सवय होती. "तुमचे आजोबा बावीस पानं भरले," असं तो म्हणायचा, आणि आजोबांना कुणीतरी काट्यावर चढवलंय असं मला वाटायचं. धाराशिवला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत त्याचं ऑफिस. खाली दाखले नि अर्ज घेऊन आलेल्यांची गर्दी, वर आमच्यासारख्या निवृत्तांची. छपाई सोलापूरला होते नि शिव्या इथं खाव्या लागतात, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

अलीकडं त्यानं कुटुंबचरित्रांचा धंदा धरला होता. आपल्याकडं माणूस आधी घर बांधतो, मग पोरांची लग्नं लावतो, आणि पेन्शन नि रिकामपण एकदम घरात आलं की पुस्तक काढतो. मीही त्यातलीच. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं शिकवलं, तुळजापुरात घर केलं, आणि निवृत्त झाल्यावर दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर बसून आमच्या घराण्याचं चरित्र लिहिलं. दारात यात्रेकरू यायचे, पाणी मागायचे, मोबाइल चार्जिंगला लावू का विचारायचे. मी त्यांच्यावर खेकसायचे, दार लावून घ्यायचे, आणि पुन्हा आजोबांच्या करुणेवर दोन ओळी लिहायचे.

घराणं म्हटलं तर घराणं. तामलवाडीच्या बाजूचं आमचं गाव. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि गावकीची कामं एका दिवसात सोडली, त्याची किंमत पुढं कैक वर्षं मोजली. वडील सोलापूर रस्त्यावर मैलकुली होते. आपल्या वाट्याच्या सडकेचे खड्डे बुजवण्यात त्यांचा जन्म गेला. आई रोजानं जायची. आम्ही चार भावंडं. दादा, त्यांच्या पाठची अक्का, मग बऱ्याच वर्षांनी मी, आणि माझ्या पाठचा भाऊ. दादा एसटीत अधिकारी होऊन निवृत्त झाले. धाकटा पुण्यात इंजिनिअर. मी शाळेत बाई. अक्काला तेरखेड्याला दिली. दादांना आम्ही 'तुम्ही' म्हणतो आणि अक्काला 'तू'. घरात कुणाची किंमत किती, ते एवढ्यावरून कळावं.

पैशाचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. छपाई त्याची, पंचवीस प्रती माझ्या, आणि पुढं जे काही होईल ते निम्मं निम्मं. मी मनात म्हटलं, बाई, तू फार सोपी सुटलीस. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली नि माझ्या टाइप केलेल्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"एकशे सहासष्ट," तो म्हणाला.

"बरोबर."

"बरोबर कसलं, मॅडम? सोळा पानांचा एक फॉर्म असतो. दहा फॉर्म म्हणजे एकशे साठ. तुमची सहा पानं बाहेर लोंबतात."

"मग अकरावा फॉर्म घ्या."

"सहा पानांसाठी? राहिलेली दहा काय, वाचकाला किराणा लिहायला देऊ?"

मी म्हटलं, इथून तिथून ओळी कमी करते. चौतीस वर्षं पोरांच्या निबंधांवर कात्री चालवली होती, तेवढं मला येत होतं. त्यानं मान हलवली. "ते नका करू. सगळे तेच करतात. प्रत्येकाच्या चार-चार ओळी कापतात आणि अख्खं घर रोगट दिसायला लागतं. त्यापेक्षा एक माणूस काढा. स्वच्छ निघतं." दाढ काढायची असावी तसा तो बोलत होता. मग जरा हसून म्हणाला, "तुमची स्वतःची चौदा आहेत. त्यातली सहा दिलीत तर कुणाचंच मन दुखत नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्यानं लिहिलं त्यानंच स्वतःला कापायचं, हा कुठला न्याय, असं मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण खालचा झेरॉक्सवाला जिन्यात येऊन बघून गेला. प्रकाशक मात्र शांत होता. त्यानं ड्रॉवरमधून एक कागद काढला. वर छापील मजकूर, खाली ओळीच ओळी.

"घरचं घरी ठरवा. पण ही माझी अट. मागं एका घरानं एका चुलत्याला वगळलं होतं. प्रकाशनाच्या दिवशी तो चार माणसं घेऊन आला आणि या जिन्यात बसला, उठेचना. तेव्हापासून मी सगळ्यांच्या सह्या घेतो. ज्याला वगळलं त्याची सही आधी, बाकीच्यांची मागून. ती पहिली ओळ भरलेली नसली तर पुस्तक सोलापूरला जात नाही."

कागदावर लिहिलं होतं की सदर पुस्तकातून माझ्याविषयीचा मजकूर जागेअभावी वगळण्यात आला असून त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. मी घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. तुळजापूरच्या बसमध्ये बसल्यावर कुणाची किती पानं आहेत ते मी मोजत होते, असं मी स्वतःला सांगत होते. मोजायचं काही नव्हतं. बरोबर सहा पानं एकाच माणसाची होती, आणि ते मला त्या ऑफिसातच ठाऊक होतं. अक्काची.

त्या सहा पानांत काय होतं ते सांगते. मी जन्मले तेव्हा अक्का तिसरीत होती. दोन महिने व्हायच्या आत आई पुन्हा रोजानं जायला लागली, आणि मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. दादा पाचवीत होते, पण ते मुलगा. अक्काला घरी बसवलं. ती बसेना. मला कडेवर घेऊन ती शाळेत जायची आणि वर्गाच्या उंबऱ्याशी बसायची. गुरुजींनी चालू दिलं. पण मी रडायचे. असलं रडकं पोर अख्ख्या गावात नव्हतं, असं आई सांगायची. मी रडले की अक्का उठायची, मला लिंबाखाली नेऊन गप करायची, परत येऊन बसायची, तोवर फळ्यावरचं गणित पुसलेलं असायचं. महिनाभर तिनं हे केलं आणि मग शाळा सुटली ती सुटलीच. गुरुजी घरी आले, पोरगी हुशार आहे, काढू नका म्हणाले. वडील मान खाली घालून बसले. पंधराव्या वर्षी लग्न झालं. तेरखेड्यात घरोघर फटाक्याचं काम, तिथं ती कागदाच्या नळ्या वळायला बसली ती आजवर. आलेली अक्षरं वापराविना गेली. सही तेवढी राहिली.

माहिती गोळा करायला मी सगळ्यांकडं फिरले होते. दादांनी सत्काराचे फोटो दिले. धाकट्यानं बायोडाटा ईमेल केला. अक्कानं एकच गोष्ट मागितली.

"म्या साळंत होते, एवढं लिव," ती म्हणाली. "आमची पोरगी खरं धरत न्हाय."

पोरगी म्हणजे तिची नात. बारावीला होती, हुशार, फटकळ. ती अक्काला म्हणायची, आजी, तू शाळेत गेली असतीस तर तुला वाचता आलं नसतं का? अक्का तिला पावकी-निमकी म्हणून दाखवायची, तर ती म्हणायची, ते तर बाजारात बसणाऱ्या बायकांनाही येतं. आता आई-वडील गेलेले, गुरुजी गेलेले, गावातली जुनी शाळा पाडून नवी बांधलेली. अक्का एके काळी शाळेत होती याचा पुरावा या जगात कुठंही नव्हता. मला आठवत नाही, कारण मी तिच्या कडेवर रडत होते.

"पुस्तकात आलं की मानंल ती. पुस्तकाला लई मानती," अक्का म्हणाली होती.

मग तिचीच पानं का? चांगली नव्हती म्हणून नाही. पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं तीच होती. लिहिताना मी रडले होते, आणि मी सहज रडणारी बाई राहिलेली नाही. अडचण अशी होती की त्यांच्या मागोमाग माझी चौदा पानं यायची. चिमणीच्या उजेडात केलेला अभ्यास, अनवाणी गाठलेली शाळा, बोर्डाच्या परीक्षेत केंद्रात पहिली आले ते. ती चौदा पानं मी आयुष्यभर तोंडी सांगत आले होते, शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात, प्रत्येक निरोपसमारंभात. अक्काची सहा वाचून माणूस माझ्या चौदांवर आला की त्यांतला दम निघून जायचा. मी कष्टानं शिकले हे खरं होतं. पण कुणाच्या कष्टानं, ते आदल्याच पानावर लिहिलेलं असायचं. मला ते सोसत नव्हतं. प्रकाशकाच्या फॉर्मनं मला निमित्त दिलं, एवढंच.

रविवारी दुपारी दादांच्या घरी धाराशिवला आम्ही जमलो. धाकटा पुण्याहून गाडी घेऊन आला होता. वहिनींनी मटण केलं होतं. अक्काला बोलावलं नव्हतं; तिला कशाला एवढ्या लांबून तसदी, असं दादा म्हणाले आणि सगळ्यांना ते पटलं. मी जेवणाच्या आधीच अडचण मांडली. सहा पानं, एक माणूस.

दादांनी चष्मा पुसला. "माझी अकरा हायेत. पण बदल्यांचं काढलं तर सत्कार कशापायी झाला ते कळत न्हाय. सगळं एकात एक हाय बघ."

धाकटा म्हणाला, "माझं आठ पानांचं आहे, पण पोरीला स्थळं बघतोय. पुस्तक पाव्हण्यांना द्यायचं आहे. त्यात बापच नसला तर कसं दिसेल?"

मग दोघं माझ्याकडं बघायला लागले. लोकांच्या खांद्यावर बंदूक ठेवायची कला मला शिक्षकांच्या राजकारणानं चांगली शिकवली होती. मी वही उघडली आणि उगीच पानं चाळत राहिले.

"कुणाची सहाच पानं हायेत का?" शेवटी दादांनीच विचारलं.

"अक्काची आहेत," मी म्हटलं, जणू त्या क्षणी वहीत बघून.

"मग झालं की," धाकटा म्हणाला. "तिला वाचता कुठं येतं? कळणार पण नाही."

"अन् तिचं आयुष्य म्हणजे काय," दादा म्हणाले, "बायांचं असतं तसंच. आई-वडलांच्या पानांत तिचं नाव असंलच कुठंतरी."

नव्हतं. आई-वडलांच्या पानांत मी 'आम्हा भावंडांना' असं लिहिलं होतं. वहिनी रस्सा वाढत होत्या, त्या थांबल्या. "अवो वन्सं, तुम्हाला त्यांनीच सांभाळलं ना लहानपणी?" एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, रस्सा घाला जरा इकडं." त्यांनी घातला. त्या घरात त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं, आणि त्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं.

पहिली ओळ मोकळी सोडून दोघा भावांनी खाली सह्या ठोकल्या. आधी कोण नि मागून कोण, त्या प्रकाशकाला काय कळतंय, असं दादा म्हणाले. अक्काला मी समजावून सांगते, असं मी कबूल केलं.

चार दिवसांनी मी बीडकडची बस धरली. पाव किलो कुंथलगिरीचे पेढे घेतले होते. येरमाळ्यापर्यंत तिला सरळ सांगायचं असंच माझं ठरलेलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवली होती: अक्का, जागा नाही, माझा इलाज नाही, पुढच्या वेळी बघू. पर्समध्ये तो कागद होता आणि पिशवीत पुस्तकाची टाइप केलेली पानं, शेवटची तपासायला परत आणलेली. त्यातल्या अक्काच्या सहा पानांवर मी घरीच लाल पेनानं आडव्या रेघा मारल्या होत्या, प्रकाशकाच्या माणसाची गफलत होऊ नये म्हणून.

अक्का दारातच बसली होती, पुढ्यात रद्दीचा ढीग, खळीची वाटी आणि सळई. सळईवर कागद गुंडाळायचा, खळ लावायची, नळी काढून सुपात टाकायची. तिची बोटं माझ्याकडं न बघता चालत होती. मुलगा नि सून कामावर, पोरगी कॉलेजला. सही पाहिजे, पुस्तकाची, असं मी म्हटलं मात्र, ती उठलीच.

"थांब, हात धुते. खळ लागलीया." हात धुऊन ती आत गेली नि लुगडं बदलून आली. सहीसाठी. कपाटातलं, घडी न मोडलेलं, निळ्या काठाचं. मग बुद्धाच्या तसबिरीखाली सतरंजी टाकून बसली आणि मला म्हणाली, "साळंचं लिवलंस?"

"लिहिलंय," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. लिहिलं होतंच. आयुष्यात मी बोललेली सगळ्यात वाईट गोष्ट ही अशी खरी होती.

"वाच की मग."

तिथं मला थांबता आलं असतं. मी पिशवीतून पानं काढली, ती तिच्यासमोर धरली, लाल रेघांसकट, आणि वाचायला लागले. झाकायची गरजच नव्हती. पोरांना धडा वाचून दाखवावा तसा मी आवाज लावला, जिथं थांबायचं तिथं थांबले. ती मान हलवत ऐकत होती. लिंबाचं आलं तिथं तिनं मला अडवलं. "लिंबाखाली न्हाय, मागच्या पत्र्याच्या सावलीला. लिंब नव्हताच तवा." मी पेन काढलं आणि 'लिंबाखाली' खोडून 'पत्र्याच्या सावलीला' लिहिलं. थोड्या वेळानं म्हणाली, "गुरुजी दोनदा आल्ते. एकदा न्हाय. दुसऱ्यांदा पाटी घिऊन आल्ते." तेही मी लाल रेघेच्या वर नीट अक्षरात लिहिलं. कापलेल्या पानावर मी दुरुस्त्या करत होते आणि ती डोळे मोठे करून ती अक्षरं उमटताना बघत होती.

वाचून झालं तेव्हा तिचा चेहरा ओला होता. तिनं उठून शेजारणीला हाक मारली. "ये गं, ऐक! आमच्या बाईनं काय लिवलंय बघ." शेजारीण पदराला हात पुसत आली. मला पुन्हा वाचायला लागलं. दुसऱ्या वेळी मी जास्त चांगलं वाचलं. शेजारीण म्हणाली, "व्हय की, शिकल्याली हायस तू!" अक्का लाजली. सत्तरीला टेकलेली बाई, पोरीसारखी लाजली, नि माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "लई रडायचीस तू. पर तुजा काय दोष, तान्ही तू."

मी कागद पुढं केला. तिनं पेन हातात घेतलं, कागदाला तळवा लावून सरळ केला.

"हे वर काय लिवलंय?"

"पुस्तकाचंच आहे," मी म्हटलं. "तुझी काही तक्रार नाही म्हणून."

"माजी कसली आलीया तक्रार," ती हसून म्हणाली आणि पहिल्या ओळीवर वाकली. एकेक अक्षर तिनं कोरून काढलं, मध्येच थांबून माझ्याकडं बघत, बरोबर येतंय ना म्हणून. मी मान डोलवत राहिले. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. माझ्या दोन्ही भावांच्या सह्यांपेक्षा ती सही वाचायला सोपी होती. निघताना तिनं मला ज्वारीच्या दोन भाकरी नि शेंगाची चटणी बांधून दिली. बसमध्ये भूक लागली तेव्हा मी ते खाल्लं.

घरी आल्यावर दादांना फोनवर सांगितलं, अक्काला सगळं समजावून सांगितलं, तिची काही हरकत नाही. दादा म्हणाले, "तिचा सोभावच तसा हाय. समजूतदार." मी 'हो' म्हटलं. मग प्रकाशकाला कागद नेऊन दिला. त्यानं पहिली ओळ बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि कागद फायलीत लावला.

दीड महिन्यानं प्रती आल्या. मी त्याच्या ऑफिसात उभ्या उभ्याच एक उघडली. सुरुवातीलाच 'प्रकाशकाचं मनोगत', सहा पानं. मराठवाड्यातल्या कुटुंबांचा इतिहास, त्यात त्याचं स्वतःचं योगदान, त्याचा फोटो. मी शेवटचं पान बघितलं. एकशे साठ.

"हे कसं बसलं?"

"टाइप अर्ध्या पॉइंटनं बारीक केला," तो म्हणाला. "कुणाला कळतंय?"

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे माझ्या बहिणीची सहा पानं अशीच बसली असती?"

"बसली असती की." त्यानं खाली हाक मारून दोन चहा सांगितले. "तुम्ही विचारलं कुठं? बाकीचे लोक इथंच भांडतात, मॅडम. टाइप बारीक करा, समास कमी करा, काहीही करा पण आमचा माणूस ठेवा म्हणतात. मी पण थोडं ताणून मग करून देतो. तुम्ही न भांडता थेट सहीच घेऊन आलात. मला वाटलं, तुम्हालाच ती पानं नको असतील."

ते पुस्तक त्याच्या तोंडावर फेकावं असं मला वाटलं. माणूस हलकट होता, यात शंका नाही. पण त्या खोलीत खोटं बोलणारा तो नव्हता. मी चहा प्यायले नाही, प्रती मात्र मोजून घेतल्या.

प्रकाशन धाराशिवच्या एका सभागृहात झालं. दादांनी शाल दिली-घेतली, धाकट्यानं भावी पाव्हण्यांना पहिल्या रांगेत बसवलं. वक्त्यांनी माझ्या चौदा पानांतला चिमणीचा उजेड दोनदा सांगितला, नि टाळ्या पडल्या. अक्काला आणायला गाडी पाठवायचं कुणाच्या मनात आलं नाही; माझ्या आलं होतं, मी बोलले नाही. तिच्याकडं पुस्तक कधीच जाऊ नये अशी माझी सोय होती. ती वाचत नाही, विकत घेत नाही, आणि विचारलंच तर 'अजून छापतायत' म्हणता येतं. कैक पुस्तकं तशी छापली जातच राहतात.

पण दादांना वाटत होतं की तिला सगळं माहीत आहे. एसटीतला माणूस, आयुष्यभर पार्सलं अशीच पोचवलेली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बीडच्या गाडीच्या कंडक्टरकडं एक प्रत दिली आणि तेरखेड्याच्या फाट्यावर अक्काच्या मुलाला घ्यायला सांगितली. वर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'अक्कास सप्रेम भेट'. मला त्यांनी हे कौतुकानं फोनवर सांगितलं, पुस्तक पोचून गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास अक्काच्या घरून फोन आला. पोरगी होती.

"बाईआजी, आजीचं पान कुठलं? म्या दोनदा बघितलं सगळं. घावत न्हाय."

तिचा आवाज फटकळ नव्हता. फार जपून बोलत होती ती, आजी जवळ बसलीय म्हणून. मी म्हटलं, थांब हं, आणि काय बोलावं याचा विचार करायला लागले. तेवढ्यात अक्कानं फोन तिच्या हातातून घेतला.

"हिला घावंना बघ! बारावीला गेली अन् धड वाचता येत न्हाय. मला म्हणती, आजी, तू न्हाईसच यात. म्या म्हणलं, माज्या ह्या कानांनी ऐकलंय, बाईनं दोनदा वाचून दावलंय, शेजारीण व्हती. तर म्हणती, तुला भास झाला आसंल. आता तूच सांग हिला. हाय का न्हाय म्या त्यात?"

चौतीस वर्षं मी पोरांना खरं बोलायला शिकवलं. एक शब्द पुरला असता. अक्कानं मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित दिल्याही नसत्या, आणि त्या पोरीला कळलं असतं की तिची आजी खोटं बोलत नव्हती. खोटं दुसरंच कुणीतरी बोलत होतं. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. मी घाबरले.

"आहेस की अक्का," मी म्हटलं. "तिला नीट बघायला सांग."

"बघ! म्हणलं न्हवतं?" ती पोरीवर ओरडली. अक्काला फोन बंद करता येत नाही. तिनं तो तसाच खाली ठेवला, आणि मी कानाला लावून उभी राहिले. पोरगी हळू काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. मग अक्कानं तिला समोर बसवलं नि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लावलं. पोरगी मुकाट्यानं वाचायला लागली, आजोबांची दीक्षा, गावकी, सडक. चांगलं वाचत होती, शब्द न् शब्द स्वच्छ. अक्का मध्ये मध्ये म्हणत होती, "वाच पुढं. आता यील."